चिंचेखालचा खुनी

लोक पुस्तक वाचताना बोटाला थुंकी लावतात. हे वाक्य मी आज इतक्या शांतपणे लिहितो आहे यावर माझी बायको विश्वास ठेवणार नाही, कारण याच एका गोष्टीपायी मी शिरूरच्या बाजारपेठेत वर्षानुवर्षं गळा फाडला आहे.

नव्वदच्या दशकात मी तिथल्या एका लहानशा वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. ग्रंथपाल म्हणजे कुलूप उघडणारा, झाडणारा, पुस्तकं देणारा, घेणारा आणि ओरडणारा, सगळं मीच. वाचनालय एका भुसार दुकानाच्या माडीवर होतं. खालून मिरचीचा खकाणा यायचा, त्यामुळे प्रेमकथा असो की भुताची, निवडताना वाचक शिंकतच असायचा. शिंकायचा आणि तोच हात पुढच्या पुस्तकाला लावायचा.

परत आलेलं पुस्तक मी मेलेल्या उंदराचं शेपूट धरावं तसं दोन बोटांनी उचलायचो. त्यात काय काय निघालं म्हणून सांगू! एसटीची तिकिटं आणि कडुलिंबाची पानं हा सभ्य वर्ग. त्याच्या खाली भेळेचं तेल, चुन्याची बोटं, वाळलेली माशी, बाळाच्या नाकाचं काहीतरी. एका नाजूक प्रेमकथेत, नायिका गच्चीवर उभी असते त्या पानावर, खूण म्हणून बोंबलाचं शेपूट ठेवलेलं होतं. वाचक म्हणाला, "सापडत नव्हतं मास्तर, बरं झालं." आणि खिशात घालून घेऊन गेला.

एवढ्यावर भागलं असतं. पण मला हौस. मी नियम काढला की पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर एका ओळीत अभिप्राय लिहायचा. लिहिल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. टेबलाच्या पायाला सुतळीने शिसपेन्सिल बांधली. मला वाटलं, तालुक्यात रसिकता उगवेल. उगवलं ते गाजरगवत.

एका गाजलेल्या कौटुंबिक कादंबरीवर: "सून चांगली. सासू आमच्यासारखीच." भुताच्या कादंबरीवर: "भुताला दुसरं काही काम नाही का?" विज्ञानकथेवर: "परग्रहावरची माणसं मराठी शुद्ध बोलतात, हे आवडले." रांजणगावला तेव्हा कारखाने नुकतेच सुरू होत होते. तिथला एक तरुण कामगार फक्त प्रेमकथा न्यायचा आणि प्रत्येकीवर तेच लिहायचा: "हिरो शिफ्टला कधी जातो?" निमोण्याचे एक आबा होते, घराणं पूर्वी मेंढरांमागचं, आता उसाचे बागायतदार. ते बाजाराच्या दिवशी यायचे. शहरातल्या एका लेखकाच्या ग्रामीण कादंबरीवर त्यांनी लिहिलं: "श्रावणात हुरडा खाल्ला. पुढं वाचलं न्हाई."

आणि एक हरामखोर होता, तो मला कधी सापडला नाही. तो रहस्यकथा न्यायचा आणि पहिल्याच पानावर, शाईने, लिहायचा: "खून दिराने केला." अशा माणसाला नरकात वाचनालय द्यावं आणि तिथल्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान फाडून ठेवावं, असं माझं आजही मत आहे.

या सगळ्या चिखलात एकच वाचक अशी होती की तिच्या शब्दाला मी मान द्यायचो. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळा बाजार त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. स्टँडच्या पलीकडच्या वस्तीत राहायच्या. इतरांच्या घरी देव्हारा असतो त्या जागी त्यांच्याकडे काचेचं कपाट होतं, पुस्तकांनी भरलेलं. दर चौदा एप्रिलला वस्तीत पुस्तकांचे स्टॉल लागायचे, तिथून घेतलेलं. आमच्याकडून त्या फक्त कादंबऱ्या न्यायच्या, "विषय बदलायला." वाचण्याआधी हात धुवायच्या. पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत आणायच्या. अभिप्राय एकच शब्द. "नाही." "लांब." "खोटं." आणि फार म्हणजे फार खूश झाल्या तर "ठीक." त्यांचा 'ठीक' मी एवढ्या वर्षांत चारदा पाहिला होता.

आता पडदा वर घेतो. त्या वाचनालयात एक रहस्यकादंबरी होती, ती मी लिहिलेली होती.

टोपणनावाने. हे फक्त बायकोला आणि पुण्याच्या प्रकाशकाला माहीत. एकशे शहात्तर पानं. साखर कारखान्याचं गेस्ट हाऊस, तीन मुडदे, एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर डिटेक्टिव्ह. खुनी कोण? कारखान्याचा चीफ केमिस्ट. पकडला कसा जातो? रजिस्टरची पानं थुंकी लावून उलटतो, म्हणून. फाशीची शिक्षा होते. तो शेवट लिहिताना मला जो आनंद झाला होता तो लग्नातही झाला नव्हता.

दुसरी कादंबरी तयार होती. तीन फुलस्केप वह्या, शाईच्या पेनाने लिहिलेल्या. प्रकाशक मागत होता. पण पाठवायची की नाही, हे मी बाईंवर सोडलं होतं, अर्थात बाईंना न सांगता. पहिलीवर त्यांचा 'ठीक' आला तर वह्या पोस्टात. नाही आला तर न्हाणीघरातल्या बंबात.

बायको म्हणाली, "कागदाने बंब तापत नाही, नुसता धूर होतो. पोस्टातच टाका."

पण माझं ठरलं होतं.

कादंबरी कपाटात ठेवली आणि मी टेबलामागे निर्विकार चेहरा करून बसलो. पहिल्याच आठवड्यात आबांनी नेली. पुढच्या बाजाराला जिना चढताना त्यांचा श्वास आधी वर आला, मग ते.

"कशी वाटली, आबा?"

"मास्तर, ह्यो लेखक कवा कारखान्यात गेलाय का?"

"गेला असेल की."

"न्हाई गेला. गाळप चालू हाय, आन् ह्याच्या गेस्ट हाऊसच्या खिडकीतनं रानफुलांचा वास येतोय. आवं, मळीचा वास येतो मळीचा! दोन कोसावर. त्याला नाक हाय का न्हाई?"

मी नकळत नाकाला हात लावला.

"आन् मुडदा तीन दिस हिरीत. वास न्हाई, काय न्हाई. तीन दिस ते पाणी कोण पितंय?"

"रहस्यकथा आहे आबा. थोडं चालायचं."

"रहस्य कशाचं? असलं छापतं कोण, ह्येच खरं रहस्य!" आणि शिंका देत त्यांनी ते पेन्सिलीने शेवटच्या पानावर लिहिलंही.

मग रीघ लागली. "डिटेक्टिव्ह माझ्या मामासारखा बोलतो, मामा पण बोअर आहे." "मधली पन्नास पानं नसती तरी चाललं असतं, शेवटची पण." एका कॉलेजच्या मुलीने लिहिलं: "लेखकाचं लग्न झालेलं नसावं." ते मी बायकोला वाचून दाखवलं. तिला जेवताना ठसका लागला.

बाईंनी पुस्तक आठ दिवस ठेवलं. कव्हर काढून टेबलावर ठेवलं, पेन्सिल उचलली, लिहिलं. त्या जिना उतरेपर्यंत मी पान उघडलं नाही. मग उघडलं.

"किळस."

हा शब्द मी त्यांच्या हातचा कधी पाहिला नव्हता. मी धावत जिन्यावर गेलो.

"बाई, किळस? रक्ताची का?"

त्या खालच्या पायरीवर थांबल्या. "रक्त मी पस्तीस वर्षं पुसलं, मास्तर. रक्ताची नाही." आणि गेल्या.

त्या संध्याकाळी वह्या बंबाजवळ गेल्या. जाळल्या मात्र नाहीत. बायकोने वर कपड्यांचं गाठोडं ठेवलं आणि म्हणाली, आधी धुणं होऊ दे.

मंडळी, वाईट पुस्तकाचं आयुष्य फार धावपळीचं असतं. "किती वाईट आहे बघू तरी" म्हणून माझी कादंबरी अख्ख्या शिरूरने नेली. थुंकीने कोपरे गळून पडले, पाठीचा कणा मोडला, पानं सुटी झाली. म्हणून ती दौंडच्या पोत्यात गेली.

आमची पुस्तकं बांधायला दौंडला जायची. वर्षातून दोनदा फाटकी पुस्तकं पोत्यात भरून मी एसटीने न्यायचो. कंडक्टर विचारायचा, "काय मास्तर, कांदे?" मी म्हणायचो, "कादंबऱ्या." तो म्हणायचा, "मग टपावर."

बाइंडर स्टेशनाजवळ बसायचा. त्याचं मुख्य काम रेल्वेची रजिस्टरं. एका अंधाऱ्या खोलीत मोरचूद घातलेल्या खळीचा वास आणि सगळीकडे उसवलेल्या पुस्तकांचे ढीग. तो पुस्तक पार सुटं करायचा. छापील पुस्तक म्हणजे सोळा सोळा पानांचे गठ्ठे असतात, त्यांना फर्मे म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो: एक, दोन, तीन. आकडे लावायचे, शिवायचं, पुठ्ठा चढवायचा. हात असा चालायचा की बघत राहावं.

महिन्याने पोतं परत आलं. माझी कादंबरी हिरव्या रेक्झिनमध्ये! कडक, ताठ, पाठीवर पांढऱ्या रंगाने नाव. आणि मागे नवं कोरं पान. 'किळस' गेली, मामा गेला, आबांचं रहस्य गेलं. आरोपी निर्दोष सुटला! मी ती नव्या पुस्तकांच्या फळीवर ठेवली. वाचकांना पुस्तकाचं नाव लक्षात राहत नाही, फक्त रंग राहतो, हा माझा अनुभव. ती धडाधड जाऊ लागली.

आणि चमत्कार झाला.

"शेवट फार हळवा." रांजणगावच्या कामगाराने प्रथमच शिफ्टचं नाव न काढता लिहिलं: "वाचून मन शांत झालं." मी म्हटलं, केमिस्टला फाशी होते, होणारच शांत. लग्नाची शंका काढणाऱ्या त्याच मुलीने लिहिलं: "शेवटी रडले." आता फाशीला रडणं जरा जास्त होतं, पण कौतुक तपासून घ्यायची माझी रीत नव्हती. आबा आले, या वेळी दम खाऊन बसले.

"मास्तर, ह्या लेखकाचं आधी एक वाचलं व्हतं, लई भिकार. ह्ये बी तसंच चाललंय वाटलं. पर शेवटाला काय लिव्हलंय! खुनी माणूस बी माणूसच असतोय, व्हय का न्हाई?"

"व्हय," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं: "लेखक सुधारला."

मग बाईंनी नेलं. आठ दिवस मी जिन्यावरच्या प्रत्येक पावलाला मान वर केली. बाई आल्या, कव्हर काढलं, पेन्सिल उचलली, लिहिलं, गेल्या.

"ठीक."

मी माडीवर एकटा होतो म्हणून बरं. मी काय नाचलो ते फक्त खालच्या भुसारवाल्याला माहीत. त्याच्या मिरच्यांवर छताची माती पडली. घरी येऊन मी गाठोडं बाजूला केलं, वह्या काढल्या, ब्राउन पेपरात बांधल्या, पत्ता लिहिला. सोमवारी पोस्टात.

मध्ये रविवार होता. दुपारी जेवणानंतर मला उबळ आली की बायकोला तो शेवट पुन्हा वाचून दाखवावा, ज्याने बाईंचं मन वळवलं. हिरवं पुस्तक हातात घेऊन मी खाटेवर उभा राहिलो. डिटेक्टिव्हच्या आवाजात, एक हात वर करून:

"'या तिन्ही खुनांमागे एकच हात आहे! आणि तो माणूस याच खोलीत, आपल्यामध्ये बसला आहे! तो म्हणजे—'"

पान एकशे साठ संपलं. नजर समोरच्या पानावर गेली. एकशे एकसष्ट.

"'चिंचेखाली बसून तो कितीतरी वेळ नुसता सावल्या बघत राहिला. आईने केलेल्या हुलग्यांच्या माडग्याची चव त्याच्या जिभेवर हलकेच जागी झाली.'"

माझा हात वरच राहिला.

बायको म्हणाली, "कोण?"

"काय कोण?"

"चिंचेखाली कोण बसलाय? केमिस्ट?"

मी पुढे चाळलं. शेवटची सोळाच्या सोळा पानं तो माणूस चिंचेखाली बसला होता. खून नाही, केमिस्ट नाही, फाशी नाही. सावल्या, माडगं, आई, आणि शेवटी एक करडू येऊन त्याचा तळवा चाटतं. मला लगेच कळलं हे कशातलं. त्या वर्षी एका समकालीन कादंबरीला मोठं बक्षीस मिळालं होतं आणि तीही त्याच पोत्यातून दौंडला गेली होती. मी ती कधी उघडली नव्हती. बक्षीस मिळालेल्या समकालीनाचं पुस्तक कोण उघडतो? पण तिच्यावरचे जुने अभिप्राय मला पाठ होते: "नव्वद पानं झाली, माणूस ओट्यावरच." "एकशे वीसला उठला. पाणी प्यायला."

रविवारी सुट्टी असूनही मी वाचनालय उघडलं. ती काढली, तीही हिरवी. पान एकशे साठचा शेवट: "त्याने आईचा थरथरता हात हातात घेतला आणि हलक्या स्वरात म्हणाला," आणि एकशे एकसष्ट: "'या कारखान्याचे चीफ केमिस्ट! धरा त्यांना!' हॉलमध्ये भयाण शांतता पसरली."

माझा केमिस्ट. माझी फाशी. आणि कोऱ्या पानावर नवे अभिप्राय, माझ्याच कौतुकाच्या धुंदीत मी न बघितलेले: "शेवटी एकदाचं काहीतरी घडलं." "आईच खुनी निघाली! अंदाज आला नव्हता." "बक्षीस योग्यच." अगदी खाली बाईंच्या अक्षरात शब्द नव्हता, नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

मी दोन्ही पुस्तकं घेऊन दौंड गाठलं. बाइंडरने चष्मा लावून दोन्ही उघडली. दोन्ही एकाच आकाराची, दोन्ही अकरा फर्म्यांची. शेवटच्या फर्म्याखाली दोन्हीकडे नुसताच अकराचा आकडा. पानांचे नंबरही दोन्हीकडे एकशे एकसष्टपासून. त्याने अकरा नंबर अकराव्या जागी शिवला होता. चूक कुठे आहे?

"फर्मा नंबर बघितला, पान नंबर बघितला," तो म्हणाला. "आता साहेब, गोष्ट पण मीच वाचू का? वाचत बसलो तर बांधणार कवा?"

त्याचं बरोबर होतं. तो वाचत नव्हता. पण बाकीचे तर वाचत होते ना! परतीच्या एसटीत मला वाचकांची जी किळस आली तिच्यापुढे बोंबलाचं शेपूट म्हणजे अत्तर. अख्खा तालुका त्या शिवणीवरून चालत गेला आणि एकालाही ठेच लागली नाही. गावं बदलली, माणसं बदलली, केमिस्टचा माडगंवाला झाला, म्हातारी आई खुनी झाली, आणि हे थुंकी लावून पान उलटतात आणि लिहितात, हळवा. मन शांत. लेखक सुधारला! आणि मी? मीही त्या कौतुकाच्या ताटावर बसून बोटं चाटलीच होती.

बाईंचा 'ठीक' आता कशाचा होता? वह्या ब्राउन पेपरात तयार होत्या. मी त्यांच्या घरी गेलो.

बाई ओसरीत गहू निवडत होत्या. मी हिरवं पुस्तक पुढे केलं.

"बाई, याची शेवटची सोळा पानं दुसऱ्याच पुस्तकाची आहेत."

"हो."

"हो म्हणजे? तुम्हाला कळलं होतं?"

"पान बदललं आणि मराठी सुधारलं. कळणार नाही?"

मी खाली बसलो.

"मग 'ठीक' का लिहिलंत?"

"ती सोळा पानं ठीक आहेत म्हणून."

"आणि आधीची एकशे साठ?"

"त्यांचं मागेच सांगितलंय." त्यांनी सुपातला खडा बाहेर टाकला. "तुम्ही का एवढं मनाला लावून घेता?"

"छे, मी आपला ग्रंथपाल म्हणून…"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मास्तर, पानाला थुंकी लावली म्हणून माणूस फासावर चढवणारा लेखक या तालुक्यात दुसरा कोण असणार?"

तोंड लपवायला जागा असती तर मी त्या सुपात शिरलो असतो. मग विचारलं, "बाई, रक्ताची नाही म्हणालात. मग किळस कशाची?"

"तीन माणसं मारलीत तुम्ही. एकाचंही कुणाला काही वाटत नाही. विहिरीतून ती बाई वर काढतात, आणि तुमचा तो हुशार मास्तर तिच्या बांगड्यांचे तुकडे गोळा करतो. तिचा मुलगा शाळेत असतो, असं तुम्हीच आधी लिहिलंय. त्याला कुणी सांगितलं? कोण गेलं शाळेत?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी गेलेय असे निरोप घेऊन. पोरं आधी तुमच्या चपलांकडे बघतात. तुम्ही मात्र पान उलटून पुढचा मुडदा काढलात. त्याची किळस."

रानफुलांचं उत्तर देता आलं असतं, विहिरीच्या पाण्याचंही. याचं नव्हतं.

"दुसरी लिहिलीय का?" त्यांनी विचारलं.

"लिहिलीय."

"त्यात किती?"

"चार."

"आणा मग."

मी लगेच नेल्या नाहीत. ब्राउन पेपर सोडला आणि दीड महिना बसलो. चार मुडद्यांची चार घरं लिहिली. निरोप घेऊन कोण जातं, दारात कोण उभं असतं, चुलीवर काय असतं. डिटेक्टिव्हला गप्प बसवणं फार जड गेलं, त्याला बोलायची भारी हौस. मग वह्या बाईंकडे दिल्या. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, मगच घेतल्या. मी घरी येऊन बंबाकडे बघितलं. बायको म्हणाली, "आता मी त्यात फक्त गोवऱ्या घालणार आहे, सांगून ठेवते."

तीन आठवड्यांनी वह्या आल्या, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेल्या. बाई टेबलावर ठेवून निघून गेल्या. मी तिसऱ्या वहीचं शेवटचं पान उघडलं.

"लांब."

संपलं. 'ठीक' नव्हे. ठरल्याप्रमाणे बंब. निदान शेवटचं बघून घ्यावं म्हणून मी पहिल्या वहीपासून चाळायला लागलो. पहिली वही स्वच्छ, जशी दिली तशी. दुसरीच्या मध्यावर, जिथे पहिला निरोप घरी पोचतो तिथे, पानाच्या खालच्या कोपऱ्यात शाई पसरली होती. निळं बोट. पुढच्या पानावर पुन्हा. त्याच्या पुढच्याही. मी नाकाजवळ नेऊन पाहिलं, उजेडात धरलं. शंकाच नव्हती. पुढे सगळ्या पानांना, तिसऱ्या वहीच्या शेवटापर्यंत, कोपरे आकसलेले, ओल लागून फुगलेले, शाई विरघळलेली.

हात धुऊन पुस्तक धरणाऱ्या, कव्हर घालणाऱ्या, मला इतकी वर्षं सभ्यतेचा एकमेव आधार वाटलेल्या बाईंनी माझ्या वह्यांना थुंकी लावली होती! शी! शंभरावर पानांना! पान उलटायची एवढी घाई!

मी त्या वह्या छातीशी धरून जिना उतरलो. भुसारवाला म्हणाला, "मास्तर, रडताय का शिंकताय?" मी म्हटलं, "मिरची."

नक्कल करून पोस्टात टाकली. कादंबरी निघाली, वाचनालयात आली. आबांनी दोन बाजारांत वाचून संपवली आणि रागारागाने पेन्सिल ओढली. सुतळीसकट टेबल हललं. "चिंचेखालचा माणूस ह्यात न्हाई. लेखक परत बिघडला." ती दोन हिरवी पुस्तकं मी शेवटपर्यंत दुरुस्त करून घेतली नाहीत. बक्षीसवालीला त्या शेवटानंतर फार मागणी होती, आणि माझ्या केमिस्टला तेवढीच प्रतिष्ठा.

मूळ वह्या माझ्याकडे आहेत. कुणाला दाखवायच्या असल्या तर मी आधी मोरीवर नेऊन त्याचे हात धुऊन घेतो, आणि तरी पानं मीच उलटतो.